उंबरगडचा जासूद

२१ नोव्हेंबर १९५७, दारव्हा

नाटक आज लिहून संपले. 'उंबरगडचा राजा', अंक तीन. कोकिळेला शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. ती वालाच्या शेंगा सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "राजा लय बोलते." बायकोला नाटक वाचून दाखवू नये, हे मी प्रत्येक नाटकानंतर ठरवतो.

वीसेक वर्षे मी फिरत्या कंपनीत राजांची कामे केली. अकोला, हिंगोली, नांदेड, कुठे कुठे सिंहासनावर बसलो. पुढे बोलपट आले, कंपनी बुडाली, आणि मालकाने निघताना तीन पडदे आणि ते सिंहासन माझ्या गळ्यात घातले. मुर्तिजापूरच्या छोट्या गाडीतून सिंहासन उतरले तेव्हा अर्धे गाव स्टेशनवर हसायला आले होते. राजाचे काम करणाऱ्याला गावात दुसरे काय येणार? मी लिहायला लागलो. लिहितो तेही राजांवरच. लोक सुचवतात, मास्तर, शेतकऱ्यावर लिहा. शेतकरी रोज दिसतो. त्याला पाहायला तिकीट कोण काढील?

उंबरगड नावाचा गड कुठेही नाही, तो मी वसवला. पण आपल्याकडे गोंड राजे होऊन गेले, तेव्हा लोकांना खरा वाटेल. तिसऱ्या अंकात राजा केसरशहाचा एकुलता मुलगा लढाईत पडतो. ती बातमी घेऊन जासूद येतो, भीतीने जमिनीवर लोळण घेतो, तीनदा जोहार घालतो. आता आपले डोके उडणार असे त्याला वाटते. पण राजा त्याला अभय देतो आणि औदार्यावर बोलतो. अडीच पाने. असे भाषण मला आयुष्यात कोणी लिहून दिले नाही, म्हणून मीच लिहिले. राजा अर्थात मीच.

कापसाच्या जिनिंगचे मालक रामराव, त्यांनी कारखान्याचे आवार द्यायचे कबूल केले आहे. संक्रांतीनंतर प्रयोग. सेनापतीचे काम त्यांनाच द्यावे लागले.

२८ नोव्हेंबर

राणीला मिशी आहे.

बंजारा तांड्यावरचा बाबूसिंग दोन वर्षे माझ्या नाटकांत राण्या करतो. बांधा असा की अंगावर लुगडे घातले की बायका हेवा करतात. पण उन्हाळ्यात त्याचे लग्न झाले आणि त्याने मिशी राखली. मी म्हटले, काढ. तो म्हणाला, "मास्तर, बाप जित्ता हाये. मिशी काढली तं तांड्यातले लोक इचारतीन, धावजी नाईक कधी गेला?"

बाप जिवंत असल्याचा मला आनंदच आहे. पण त्यापायी केसरशहाच्या राणीने ओठावर मिशी घेऊन मुलासाठी रडायचे? तालमीत ती "बाळा माझ्या" म्हणाली आणि पेटीवाला पेटीवर डोके टेकून हसत बसला. शेवटी ठरले की राणी पडदानशीन आहे आणि पदर नाकापर्यंत घेते. पहिल्या अंकातले तिच्या हास्याचे वर्णन मला खोडावे लागले. चांगले होते.

३ डिसेंबर

मिशी परवडली.

जासुदाचे काम उकंड्यासाठी लिहिले होते. तो स्टेशनवर पॉइंट्समन आहे. त्याच्यासारखा आवाज तालुक्यात नाही. माझ्या आधीच्या दोन्ही नाटकांत चोपदार तोच होता. आज तालमीला आला, मी हाक मारली, तर हलला नाही.

"मास्तर, माह्यं नाव आता धर्मपाल हाये."

मागल्या सालच्या दसऱ्याला हे लोक नागपूरला जाऊन बौद्ध झाले, तेव्हापासूनचे हे नाव. मी म्हटले, ठीक आहे, धर्मपाल तर धर्मपाल. कंपनीत माझीही नावे मालक बदलत असे. पुढे प्रवेश सुरू झाला. मी सिंहासनावर. तो आला, समोर येऊन उभा राहिला, आणि युद्धाची बातमी सांगायला लागला. ताठ.

मी थांबवले. "जोहार राहिला."

"जोहार नाई घालत मी."

मला वाटले तो गंमत करतो आहे. मी समजावले, अरे, गोंडाचा दरबार आहे. जोहार हा गोंडांचाच रामराम. मोठे मोठे सरदार घालत.

"गोंड गोंडाले जोहार म्हणते तवा दोघंबी उभे असतेत, मास्तर. तुमी मले लोटांगण घालाले लावून राह्यले."

"अरे बाबा, नाटक आहे हे."

यावर तो म्हणाला, "तुमी त्या खुर्चीवरून उठले का राजा नाई राह्यत. मी वाकलो, आन् घरी गेलो, तं वाकलेलाच राह्यतो. माह्या बापानं जोहार घातला तो काई नाटकातला नोयता."

रागावलेलाही नव्हता, हेच जास्त चीड आणणारे. दुसरा कोणताही पार्ट द्या, करतो म्हणाला. दुसरे पार्ट वाटून झाले आहेत. आणि त्याच्या बापाचा माझ्या नाटकाशी काय संबंध?

१० डिसेंबर

जासूद मिळत नाही. रामरावांच्या भाच्याला विचारले. त्याच्या चेहऱ्यावर मी त्याला गोठा झाडायला सांगितल्यासारखा भाव. "तो पार्ट त्यायचाच व्हय, मास्तर. आपल्याले तसं लोयता येत नाई." लोळायला शिकावे लागते, हे मी प्रथमच ऐकले. पोस्टातला एक जण तयार झाला. त्याने जोहार असा घातला की जणू हळदीकुंकवाला आला आहे, आणि राजपुत्र मेल्याची बातमी इतक्या हळू सांगितली की सिंहासनावर मलाच ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवसापासून तोही येत नाही. आईने नको म्हटले म्हणे.

चार ओळींचा पार्ट. चार ओळी. त्यासाठी गावात माणूस नाही.

१६ डिसेंबर

शेवटी धर्मपालच्या घरी गेलो. कलावंताला मानापमान नसतो.

त्याची बायको रुखमाबाई अंगण सारवत होती. तिने हात धुऊन खाट टाकली आणि चहा आणला. मी आत्ताच घेतल्याचे सांगितले. कंपनीत असताना मी कुठेही, कोणाहीकडे प्यालो आहे. पण गावात राहायचे म्हणजे चार डोळे असतात. तिने कप परत आत नेला. बाईला रीत आहे.

धर्मपालला मी तडजोड सांगितली. तीन जोहारांचा एक करतो. तो म्हणाला, "हिशेबाचा भाग नोये तो." मग मी म्हटले, तुला राजा अभय देतो ना? उलट तुझ्यासारख्याचा केवढा मोठा मान आहे त्या प्रवेशात. रुखमाबाई दारातून म्हणाली, "मंग मान देता त्याले, तं मान वर करू द्या न भाऊ."

बायकांना शब्दांशी खेळायला बरे जमते. मी निघालो. वाटेत माझ्या लक्षात आले की वाक्य चांगले आहे, दुसऱ्या अंकात राणीला देता येईल.

२ जानेवारी १९५८

आवाज गेला.

थंडीत रोज भाषणाचा सराव करत होतो, त्याचे हे फळ. परवा सकाळी तोंड उघडले तर आत नुसती हवा. आज यवतमाळला डॉक्टरला दाखवून आलो. महिनाभर बोलायचे नाही म्हणाला. मी पाटीवर लिहून विचारले, आणि नाटक? त्याने पाटी वाचली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

कोकिळेला घर कसे शांत शांत वाटते आहे. असे ती शेजारणीला सांगत होती, मी ऐकले. माझे कान गेलेले नाहीत.

५ जानेवारी

प्रयोगाला दोन आठवडे, राजा नाही. आज सगळ्यांना आवारात बोलावले आणि भाषण एकेकाला वाचायला लावले. रामराव जोडाक्षर आले की थांबतात, 'औदार्य' वर तर खोकतात. बाबूसिंगच्या तोंडून राजाही राणीसारखा निघतो. धर्मपालला मी बोलावले नव्हते. तो गाडी गेल्यावर पेटीवाल्याकडे काही कामाला आला होता, आणि भिंतीशी उभा राहून ऐकत होता. मी चिडून पोथी त्याच्या हातात कोंबली.

त्याने वाचले. सरकीच्या ढिगावरची माणसे काम सोडून उभी राहिली. मला वीस वर्षांत असा आवाज लागला नाही, हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे म्हणणार नाही. पण पहिल्या पानाच्या शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "मास्तर, हा इतकं काहून बोलते? पोरगं मेलं न त्याचं."

मी पाटीवर लिहिले: वाच.

वाचले त्याने. पण तेव्हापासून तो प्रश्न कानात भुणभुणतो आहे. माझ्या नाटकात येऊन मला नाटक शिकवतो.

पाटीवर लिहून विचारले, राजा करतोस? म्हणाला, "करतो. जोहार घाला म्हनलं तं नाई म्हनलं होतं. राजा व्हा म्हनलं तं कायले नाई म्हनू?"

८ जानेवारी

रामराव घरी आले. बसले नाहीत.

"मास्तर, मी सेनापती. मले त्याच्या पायाशी तलवार ठेवाले लावता? गावात तोंड दाखवाले जागा ठेवा."

पाटीवर लिहिले: नाटक आहे हे.

"आमाले समजते नाटक हाये. लोकायले समजत नाई."

'नाटक आहे हे', हेच मी महिन्यापूर्वी धर्मपालला म्हटले होते. त्यालाही पटले नाही, यांनाही नाही. नाटक हे नाटक असते, हे या गावात मला सोडून कोणालाही मान्य नाही. मी पाटीवर लिहिले: गावात दुसरा राजा दाखवा. रामराव म्हणाले, तं नाटक ठेवूच नका. मी लिहिले: नाटक होणार. तेव्हा म्हणाले, जिनिंगच्या आवारात नाई होनार. आणि गेले. त्यांच्याबरोबर भाचा गेला, दोन सरदार गेले, गॅसबत्त्या गेल्या.

मी हे धर्मपालसाठी केले असे कोणी समजू नये. त्याचे आणि रामरावांचे काय असेल ते असो. मला माझे नाटक उभे राहायला हवे.

कोकिळा आतून ऐकत होती. जेवायला वाढताना म्हणाली, "पह्यल्यांदा तुमी कमी बोलले आन् बरं बोलले."

११ जानेवारी

बाबूसिंगने बापाला सांगितले आणि धावजी नाईक स्वतः घोड्यावरून आला. पांढरी मिशी पाहून मुलाची बाजू थोडी समजली. म्हणाला, तांड्यासमोरचे मैदान घ्या, बत्त्या आम्ही आणू. बाबूसिंगचा चुलतभाऊ अमरसिंग सेनापती करील. त्याला तलवार खरी चालवता येते, ही एक नवीनच काळजी. धावजीने एकच अट घातली. राणीचे दागिने तांड्यातले असतील. गोंडाची राणी बंजाऱ्याच्या दागिन्यांत कशी, हे पाटीवर लिहिले, पण त्याला वाचता येत नाही आणि माझ्या हातवाऱ्यांचा अर्थ त्याने होकार असा घेतला.

जासूद अजून नाहीच. अमरसिंगला वाटते सेनापतीनेच बातमी आणावी. मग जासूद कशाला लिहिला मी?

१३ जानेवारी

जासूद मीच करतो. इलाज नाही. चार ओळी घोगऱ्या आवाजात निघतील. दौडत आलेल्या माणसाचा घसा बसलेलाच असतो. धर्मपालला पाटीवर लिहून सांगितले तेव्हा म्हणाला, "तुमी लोटांगण घालसान?" मी मान हलवली. मी नट आहे. मला कसला कमीपणा?

तालमीत मात्र प्रवेश पुरा झालाच नाही. मी वाकू लागलो की तो म्हणायचा, "राहू द्या मास्तर, त्या दिवशी घाला."

२० जानेवारी

परवा प्रयोग झाला. काल दिवसभर अंथरुणात होतो. लिहितो आता क्रमाने.

तांडा सगळा बसला होता, धर्मपालच्या वस्तीतली माणसे बायकापोरांसह आली होती. आपल्या गावातले लोक लांब बैलगाड्यांत बसून पाहत होते, जणू वाटेने जाता जाता थांबलेत. पहिल्या अंकानंतर गाड्या रिकाम्या दिसू लागल्या. मला वाटले गेले. ते पुढे येऊन बसले होते. राणी दागिन्यांनी इतकी वाजत होती की तिचे निम्मे शब्द बुडाले, आणि ते बरेच झाले. अमरसिंगने खरी तलवार काढली तेव्हा पुढच्या रांगा मागे सरकल्या. एवढे सोडल्यास ठीक.

तिसरा अंक. मी विंगेतून धावत गेलो. सिंहासनासमोर पडलो. माझेच सिंहासन. पहिला जोहार घातला. दुसरा घातला. वीस वर्षे मी वरून हे पाहिले आहे, खालून कधी पाहिले नव्हते. खालून राजा दिसत नाही. दिसतात ती पावले. धर्मपालच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, आणि पुढे माती होती, तिला शेणाचा वास होता. लोक दिसत नाहीत. आपल्याकडे कोण कसे पाहते आहे ते कळत नाही. मी तिसरा जोहार घातला आणि बातमी सांगायला तोंड उघडले. आवाज येईना. घसा पुन्हा बसला असावा. पण खरे सांगायचे तर शब्दही येईनात. मी लिहिलेले शब्द.

माझ्या लक्षात आले की आता भाषण येणार, अडीच पाने, आणि तोवर मला असेच पडून राहायचे आहे. मीच तसे लिहिले आहे. गुडघे दुखू लागले होते.

मग पावले हलली. सिंहासनावरून तो खाली उतरला. उतरणे पोथीत नाही. त्याने माझ्या दोन्ही दंडांना धरून मला उठवले. मी हळूच म्हटले, भाषण. तो ऐकेना. माझ्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला,

"ऊठ. उभा राहून सांग."

मी उभा राहिलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मुलगा मेल्याचे त्याला अजून मी सांगितलेच नव्हते, आणि त्याला कळले होते. मग मी सांगितले. कशा आवाजात सांगितले माहीत नाही, पण बैल राखायला गाड्यांपाशी राहिले होते त्यांनीही ऐकले म्हणतात. राजा एक अक्षर बोलला नाही. माझा दंड धरून उभा राहिला. बाबूसिंग पदराआतून खरोखर रडू लागला, आणि कोणाला त्याची मिशी आठवली नाही.

पडदा पडला तसा मी धर्मपालवर धावून गेलो. माझी अडीच पाने. सगळे नाटक त्या अडीच पानांसाठी लिहिले होते. घसा फाटेस्तोवर ओरडलो, पण बाहेर फक्त फुसफुस. रुखमाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला, तो मी घटाघटा प्यालो आणि पुन्हा ओरडायला लागलो. धर्मपाल डोक्यावरचा मुकुट काढून उभा होता. म्हणाला, "सुचलंच नाई, मास्तर. तुमी खाली पडले होते."

सुचले नाही म्हणे. पाठ होते त्याला.

कोकिळेबरोबर बेबीताई आली होती, रामरावांची बायको. घरी वाण लुटायला जाते सांगून आली होती. परत निघताना कोकिळेला म्हणाली, "वैनी, तो जासूद कोन होता वो? लय जीव लावून केलं त्यानं." गावात आजवर राजे केले, बाई एकदा काही बोलली नाही. आणि ओळखलेही नाही.

२७ जानेवारी

महागावचे लोक आले होते. त्यांना प्रयोग हवा आहे, तिथल्या बाजाराच्या मैदानावर. उभे राहून सांगणारा जासूद आहे तेच नाटक ना, असे विचारत होते. नाटकाचे नाव मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले.

संध्याकाळी स्टेशनवर गेलो. धर्मपाल कंदील पुसत होता. आवाज थोडा परत आला आहे, तेवढ्या आवाजात त्याला बजावले की महागावला पोथीप्रमाणे झाले पाहिजे. नाटककाराच्या शब्दाला काही किंमत असते की नाही?

तो म्हणाला, "म्हनतो न मास्तर. अडीच पानं म्हनतो. तुमचं नाटक हाये. पन तवरक जासूद खालीच राहीन."

गाडी यायची वेळ झाली होती. तो बावटा घेऊन उठला आणि जाता जाता म्हणाला, "इचार करून सांगा."

३० जानेवारी

विचार केला. तीन दिवस दुसरे काही सुचले नाही, सगळा संताप त्यातच गेला. आज पोथी काढून ती अडीच पाने कापली. तिथे धर्मपालचे वाक्य लिहिले: ऊठ. उभा राहून सांग. वर कंसात लिहिले: राजा सिंहासनावरून उतरतो. त्याने कधी आणि का उतरायचे ते लिहायला गेलो, जमले नाही. ते धर्मपालवर सोडले आहे. नटावर काही सोडू नये असे मी नेहमी म्हणत आलो.

प्रवेश फारच आखूड झाला आहे. वाचून पाहिला तर राजा मोठा वाटतो. हे कसे झाले ते समजत नाही.

कोकिळा डोकावून म्हणाली, "आता आवाज आला न तुमचा. महागावले राजा तुमीच करसान?"

मी म्हटले, राजाला आता बोलायलाच काही ठेवलेले नाही. एवढ्याशा कामाला माझ्यासारखा नट कशाला? मी जासूदच करतो.